बिनमॉनिटरचे लिनक्स आणि ग्राफिक्स कार्ड

२००७ साली एनव्हिडिया कंपनीने टेस्ला सी८७० नावाचे एक कार्ड बाजारात आणले. जात ग्राफिक्स कार्डाची, पण मागच्या पट्टीवर मॉनिटरची वायर लावायला जागाच नव्हती. या कार्डाने चित्र दाखवायचे नव्हते, फक्त आकडेमोड करायची होती. त्याआधी काही महिने, नोव्हेंबर २००६ मध्ये, कंपनीने कूडा ही प्रणाली जाहीर केली होती. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचे रंग एकाच वेळी ठरवण्यासाठी घडवलेल्या चिपला हवामानाचे, रेणूंचे, ताऱ्यांचे गणितही सांगता येईल, अशी सोय तिने करून दिली. ग्राफिक्स कार्डाने मॉनिटरची साथ सोडली ती तेव्हापासून.

कार्ड सुटले, पण त्याच्याभोवतीची रीत सुटली नाही. ड्रायव्हर बसवण्याच्या बहुतेक सूचना आजही वाचकासमोर मॉनिटर आणि माऊस आहे, काही बिघडलेच तर पडदा काळा होऊन ते कळेल, असे धरून चालतात. ज्याचे मशीन कपाटावर किंवा दुसऱ्या गावात चालू आहे आणि त्याच्याशी बोलायचे साधन म्हणजे नेटवर्कवरून उघडलेले एक टर्मिनल, त्याला या सूचना अर्ध्या वाटेवर सोडून देतात. अशा मशीनला या क्षेत्रातले लोक हेडलेस म्हणतात. हेडलेस लिनक्सवर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर कसा बसवावा आणि बसवल्यावर तो वर्षानुवर्षे कसा सांभाळावा, हा या पुस्तकाचा विषय आहे.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत देखणे उदाहरण जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या तिथल्या रेडिओ दुर्बिणीत, जीएमआरटीत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. चौदा मधल्या भागात एकवटलेल्या, उरलेल्या सोळा तीन भुजांवर पसरलेल्या. टोकाच्या अँटेनांमध्ये सुमारे २५ किलोमीटरचे अंतर. आकाशाचे चित्र मिळवायचे तर प्रत्येक अँटेनाचा संकेत दुसऱ्या प्रत्येक अँटेनाच्या संकेताशी ताडून पाहावा लागतो. तीस अँटेनांच्या अशा ४३५ जोड्या होतात आणि हे सगळे संकेत येत असतानाच करायचे असते. आधी हे काम खास बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर होई. २०१० च्या सुमारास ते बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांच्या लिनक्स समूहावर आले, तेव्हा एका वेळी ३२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा हाताळला जात होता. पुढे दुर्बिणीचे नूतनीकरण झाले, पट्टा ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत रुंदावला आणि नुसते प्रोसेसर पुरेनात. मग संकेत आत घेण्याचे काम एफपीजीए बोर्डांकडे आणि गुणाकार-बेरजांचे काम ग्राफिक्स कार्डे बसवलेल्या लिनक्स संगणकांकडे, अशी जोडयंत्रणा आली. त्या कार्डांचे काम पाहायला प्रत्येकासमोर मॉनिटर लागत नाही. मात्र अशा ठिकाणी ड्रायव्हर बंद पडला, तर कोणा संशोधकाला सहामाही वेळापत्रकात मिळालेले निरीक्षणाचे तास वाया जातात. ड्रायव्हर ही किती गंभीर गोष्ट आहे हे खोडदला समजते.

पुण्याच्या सी-डॅकचा वारसा तर सर्वांना ठाऊक आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तिचा परम सिद्धी-एआय जगातल्या ५०० वेगवान महासंगणकांच्या यादीत ६३ व्या क्रमांकावर होता. त्याच्या प्रत्येक डीजीएक्स पेटीत एनव्हिडियाची आठ ए१०० कार्डे. २०२३ मध्ये तिचाच ऐरावत त्याच यादीत ७५ वा आला. नोव्हेंबर २०१७ पासून या यादीतले सर्वच्या सर्व ५०० संगणक लिनक्सवर चालतात, म्हणजे हेडलेस लिनक्स ही आडवाट राहिलेली नाही, संगणनाचा राजरस्ता झाली आहे.

चित्रपटांनी ही वाट त्याहूनही आधी धरली होती. १९९७ च्या ‘टायटॅनिक’मधली अनेक दृश्ये डिजिटल डोमेन या कंपनीने अल्फा प्रोसेसरच्या संगणकांच्या ताफ्यावर तयार केली, आणि त्यातल्या शंभराहून अधिक संगणकांवर लिनक्स होते. तेव्हा काम प्रोसेसरवर चाले, आता ते मोठ्या प्रमाणात ग्राफिक्स कार्डांवर चालते. खालापूर तालुक्यात नितीन देसाई यांनी उभारलेल्या एन. डी. स्टुडिओत ‘जोधा अकबर’चे महाल लाकूड, प्लास्टर आणि सुतारांच्या हातांनी उभे राहिले. तसाच महाल आज कोणी संगणकात बांधला, तर त्याची एकेक चौकट रात्रभर रंगवणारे मशीन बहुधा बिनमॉनिटरचेच असेल.

हे पुस्तक मात्र खोडदच्या किंवा सी-डॅकच्या अभियंत्यांसाठी नाही. त्यांच्या सोबतीला जाणकार सहकारी असतात, आणि त्यांच्या सर्व्हरमध्ये मशीन बंद असतानाही जागी राहणारी आणि दूरवरून त्याचा पडदा दाखवणारी बीएमसी नावाची वेगळी चिप असते. लेखकाच्या डोळ्यांसमोर आहे तो शेलूसारख्या ठिकाणी राहणारा वाचक. शेलू हे मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळ यांच्या मधले स्टेशन. आजूबाजूला उल्हास नदीचे खोरे, भाताची खाचरे, आणि मुंबई-ठाण्यात घर परवडत नाही अशांसाठी उभ्या राहिलेल्या इमारती. इथून मुंबईत कामाला जाणाऱ्याचे रोजचे जवळपास चार तास लोकलमध्ये जातात. अशा वाचकांपैकी कोणी ॲनिमेशन करतो, कोणी माहितीचे विश्लेषण करतो, कोणी कर्जतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करतो आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वापरलेले कार्ड आणून त्याने घराच्या कोपऱ्यात एक मशीन उभे केले आहे. दोन खोल्यांच्या घरात त्याच्यासाठी वेगळे टेबल नाही आणि मॉनिटरवर खर्च करायची गरजही नाही. मशीन घरी, माणूस लोकलमध्ये, आणि दोघांच्या मध्ये एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून उघडणारे ते टर्मिनल.

या वाचकाचा पावसाळा पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे. कर्जत-खालापूर पट्ट्याने शंभर वर्षांहून अधिक काळ मुंबईला वीज पुरवली. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे. तरी जून ते सप्टेंबर इथल्या घरांत वीज जाणे-येणे चालू असते. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे या भागात कोणी विसरलेले नाही. अशा दिवशी मुंबईत अडकलेल्या माणसाला घरच्या मशीनपर्यंत हाताने पोहोचता येत नाही.

समजा, जुलैतल्या एका दुपारी शेलूत वीज गेली आणि अर्ध्या तासाने आली. मशीन आपोआप सुरू झाले. एसएसएच लागते, फायली जागेवर आहेत, पण ग्राफिक्स कार्ड कोणालाच सापडत नाही. एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड ड्रायव्हरशी बोलता येत नसल्याचे सांगून थांबते. वाचक विजेला दोष देतो, कार्ड जळाले की काय म्हणून घाबरतो. खरे कारण बहुतेक वेळा दहा-पंधरा दिवस जुने असते. उबंटूवर सुरक्षेच्या सुधारणा आपोआप उतरतात. त्यात नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, येऊन डिस्कवर बसलेला असतो, पण मशीन रीबूट न झाल्यामुळे जुनाच कर्नल चालू राहतो. ड्रायव्हरचे मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधले त्याच कर्नलमध्ये चालते. नव्या कर्नलच्या हेडर फायली नसतील, तर त्याच्यासाठी मॉड्यूल बांधलेच जात नाही, आणि हे अपयश एका लॉगमध्ये नोंदून गप्प राहते. वीज जाते, मशीन पहिल्यांदाच नव्या कर्नलवर उठते आणि पंधरा दिवसांपूर्वीची चूक त्या दुपारी उघडी पडते. पावसाने ती फक्त दाखवून दिली.

हा प्रसंग कळला की विषयाचे निम्मे मर्म हाती येते. ड्रायव्हर एकदा बसवून विसरायची वस्तू नाही. कर्नल बदलत राहतो, म्हणून ड्रायव्हरलाही त्याच्याबरोबर चालावे लागते. डेल कंपनीच्या अभियंत्यांनी २००३ च्या सुमारास डीकेएमएस ही योजना आणली ती यासाठीच, की कर्नल बदलला की मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधले जावे. ती उत्तम चालते, पण तिला हेडर फायली आणि योग्य आवृत्तीचा कंपायलर लागतो. एवढी एक अट पाळली, तर पावसाळ्यातल्या कित्येक तक्रारी जन्मालाच येणार नाहीत.

ड्रायव्हर आणि कर्नल यांच्यात इतके अंतर का पडले, हे समजायला थोडे मागे जावे लागते. १९९० च्या दशकात लिनक्सचा कर्नल ग्राफिक्स कार्डाकडे फारसे पाहत नसे. एक्स नावाचा पडदा सांभाळणारा प्रोग्राम थेट कार्डाच्या रजिस्टरांत हात घालत असे. दशकाच्या शेवटी कार्डाची सूत्रे हळूहळू कर्नलकडे येऊ लागली आणि २००९ मध्ये पडद्याची मांडणी करण्याचे कामही कर्नलने घेतले. हेडलेस मशीनच्या दृष्टीने त्याहून मोठी घटना २०१३-१४ ची आहे. कर्नलने रेंडर नोड नावाच्या स्वतंत्र फायली दिल्या, त्यामुळे पडद्याचा ताबा न मागता कार्डाकडून काम करून घेता येऊ लागले. आजच्या लिनक्सवर रेंडरडी१२८ नावाची जी फाइल दिसते, ती याच निर्णयाची खूण.

कंपन्यांच्या वाटा मात्र वेगळ्या झाल्या. इंटेलने आपला ड्रायव्हर कर्नलच्या अंगणातच वाढवला, त्याच्याबद्दल इथे फार बोलायचे कारण नाही. २००६ मध्ये एटीआय विकत घेतलेल्या एएमडीने पुढच्याच वर्षी कार्डांची तांत्रिक माहिती खुली करायला सुरुवात केली, आणि २०१५ मध्ये एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला. एएमडीचे कार्ड असेल तर मॉड्यूल कर्नलबरोबरच येते आणि वर सांगितलेला पावसाळी घोटाळा सहसा होत नाही. अडचण पुढच्या पायरीवर आहे. आकडेमोडीसाठी २०१६ पासून आलेली रॉकएम ही प्रणाली ठरावीक कार्डांनाच अधिकृत आधार देते, म्हणून कार्ड विकत घेण्याआधी ती यादी पाहावी.

एनव्हिडियाने बंद दाराचा मार्ग धरला. ड्रायव्हर तिचा, त्याचे अंतरंग गुप्त, आणि कर्नलशी जोडणारा पातळ थर तेवढा वापरणाऱ्याच्या मशीनवर बांधायचा. स्वयंसेवकांनी कार्डांचे वागणे बाहेरून तपासत नूव्हो हा खुला ड्रायव्हर लिहिला आणि तो २०१० मध्ये कर्नलमध्ये आला. हे काम कोणत्याही मापाने असामान्य आहे. पण कूडा त्यावर चालत नाही, आणि एका कार्डावर दोन ड्रायव्हर एकाच वेळी ताबा सांगू शकत नाहीत. म्हणून एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवणाऱ्याला नूव्होला अडवावे लागते. इथे नवख्या वाचकाची हमखास फसगत होते, कारण नूव्हो सुरुवातीच्या लहान फाइल-संचातूनच, म्हणजे इनिटरॅमएफएसमधून, वर येऊन बसलेला असतो. मनाई लिहून पुरत नाही, तो संच पुन्हा बांधावा लागतो.

जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्‌स यांनी एनव्हिडियाबद्दलचा संताप कॅमेऱ्यासमोर कठोर शब्दांत व्यक्त केला. त्या चित्रफितीची चर्चा पुष्कळ झाली, पण कंपनीची दिशा बदलायला दहा वर्षे गेली. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नलमध्ये चालणाऱ्या मॉड्यूलांचा मूळ कोड खुला केला. ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांवर ती मॉड्यूले चालतात, आणि ब्लॅकवेल पिढीसाठी तर तीच लागतात. वरच्या थरातली लायब्ररी अजून बंदच आहे. तरी जोडकाम उघड्यावर आल्याने बिघाड शोधणे सोपे झाले आहे, आणि हा बदल प्रत्येक वापरणाऱ्याच्या हिताचा आहे.

ड्रायव्हर बसवण्याच्या पद्धतींतही पंथ आहेत. कंपनीच्या संकेतस्थळावरून डॉट-रन फाइल उतरवून ती थेट चालवणारा पंथ जुना आणि अजून जोरात आहे. त्यात नवी आवृत्ती लगेच मिळते. पण उबंटू किंवा डेबियनच्या पॅकेज व्यवस्थेला या फाइलने काय कुठे टाकले याचा पत्ता नसतो, आणि पुढच्या सुधारणेच्या वेळी दोघांची गाठ पडते. दुसरा पंथ उबंटू-डेबियनसारख्या वितरणाची पॅकेजे वापरतो. उबंटूत सर्व्हरसाठी वेगळी ड्रायव्हर-शाखा असते. पडद्याशी संबंधित भाग वगळलेली हेडलेस पॅकेजेही असतात. डेबियनमध्ये त्यासाठी नॉन-फ्री विभाग उघडावा लागतो, फेडोरात आरपीएम फ्यूजनकडे जावे लागते. तिसरी वाट कंटेनरची. यजमान मशीनवर ड्रायव्हर तेवढा ठेवायचा आणि कूडाच्या निरनिराळ्या आवृत्त्या कंटेनरांत बंद करायच्या. या पुस्तकाचा कौल वितरणाची पॅकेजे आणि वर कंटेनर या जोडीला आहे, आणि बिनमॉनिटरच्या मशीनपुरता तो कौल बरोबर आहे. डॉट-रन फाइल हाताशी मॉनिटर असलेल्याने वापरावी.

आता मुख्य मुद्दा. मॉनिटर नसणे ही अडचण आहे असे सगळे मानतात. या पुस्तकाची मांडणी वेगळी आहे, आणि त्यासाठीच ते वाचण्याजोगे आहे. घरच्या डेस्कटॉपवर ड्रायव्हर बिघडला की पडदा काळा होतो आणि मशीन हातातून जाते. हेडलेस मशीनवर ड्रायव्हर बिघडला तरी एसएसएच चालूच असते, कारण नेटवर्कला ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. लॉग वाचता येतात, पॅकेज बदलता येते, मॉड्यूल काढून पुन्हा घालता येते. म्हणजे नेटवर्क उभे राहिल्यानंतर जे घडते ते सगळे दुरुस्त करण्याजोगे आहे. खरा धोका नेटवर्क उभे राहण्याआधीच्या अर्ध्या-एक मिनिटात आहे. बायोस, सिक्युअर बूट, ग्रब, डिस्कचा पासवर्ड: ही चार ठिकाणे अशी, की जिथे मशीन कीबोर्डवर बोट ठेवणाऱ्या माणसाची वाट पाहू शकते, आणि तो माणूस त्या वेळी दादर स्टेशनवर असतो.

यातले सिक्युअर बूटचे प्रकरण सर्वांत चकवणारे. ते चालू असेल तर कर्नल सही नसलेले मॉड्यूल आत घेत नाही. घरीच बांधलेल्या मॉड्यूलवर घरचीच सही करायची आणि ती किल्ली मशीनला ओळखीची करून द्यायची, असा मार्ग आहे. एसएसएचवरून मॉकयुटिल ही कमांड चालते, ती एक पासवर्ड विचारते, सारे सुरळीत झाल्यासारखे वाटते. पण किल्लीची नोंद पुढच्या रीबूटला होते. त्या वेळी मॉनिटरवर निळा पडदा येतो, काही सेकंद कळ दाबायची मुभा देतो आणि कोणी दाबली नाही तर तसाच पुढे निघून जातो. मशीन उठते, एसएसएच लागते, ड्रायव्हर मात्र नाकारलेलाच. दुरून काम करणारा माणूस तीच कमांड पुन्हा देतो, पुन्हा रीबूट करतो, आणि तेच घडते. जे पडद्यावर येऊन गेले ते त्याला कधी दिसतच नाही. उपाय दोन. एक तर उसन्या मॉनिटरसमोर बसून ही नोंद एकदा करून टाकावी. किंवा उबंटूची आधीच बांधलेली आणि सही केलेली मॉड्यूले वापरावीत, म्हणजे स्वतःच्या किल्लीची गरजच उरत नाही. दुसरा उपाय अधिक टिकाऊ आहे.

बायोसमधल्या गोष्टी कमी नाट्यमय, पण तितक्याच निर्णायक आहेत. वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावे, हा पर्याय तिथेच निवडावा लागतो. मोठ्या मेमरीच्या टेस्ला कार्डांसाठी चार जीबीच्या वरचा पत्ता-प्रदेश खुला करण्याचा पर्याय नसेल, तर काही बोर्डांवर कार्ड ओळखलेच जात नाही. प्रोसेसरमध्ये चित्राची सोय नसेल आणि कार्डावरही मॉनिटरची जागा नसेल, तर त्या मशीनला पहिल्या दिवसापुरते एखादे स्वस्त जुने कार्ड लावावे लागते. सर्व्हरसाठीच्या टेस्ला कार्डांना स्वतःचे पंखेही नसतात. सर्व्हरमधल्या जोरदार वाऱ्यावर ती विसंबून असतात. कर्जतच्या मे महिन्यात ती साध्या टॉवरमध्ये वाऱ्याची सोय न करता बसवली, तर तापून वेग कमी करतात आणि दोष ड्रायव्हरवर येतो.

मशीन सुरू होताना कर्नल निवडणाऱ्या ग्रबबद्दल एक छोटी पण मोलाची युक्ती. ग्रब-रीबूट या कमांडने फक्त पुढच्या एका वेळेपुरता कर्नल निवडता येतो. ग्रबची कायमची निवड जुन्या कर्नलवर ठेवून नवा कर्नल असा एकदाच चालवून पाहावा. तो अडकला, तर घरच्या कोणाला बटण दाबायला सांगितले की मशीन जुन्या, चालणाऱ्या कर्नलवर परत येते. डिस्क कुलूपबंद असेल, तर ड्रॉपबेअर हा लहान एसएसएच सर्व्हर सुरुवातीच्या फाइल-संचात ठेवून पासवर्ड दुरून देता येतो.

नेटवर्कनंतरच्या गोष्टींमध्येही हेडलेस मशीनचा स्वभाव वेगळा आहे. मॉनिटर असलेल्या मशीनवर एक्ससारखा पडदा सांभाळणारा प्रोग्राम सतत कार्ड धरून बसलेला असतो. तो नसला की शेवटचा प्रोग्राम संपताच ड्रायव्हर कार्डाची सगळी तयारी मोडतो, शेवटचा माणूस बाहेर पडताच दिवे मालवून कुलूप लावणाऱ्या शिपायासारखा. पुढच्या प्रोग्रामला पुन्हा सगळे पहिल्यापासून. त्यात वेळ जातो आणि कार्डाच्या काही सेटिंगही पुसल्या जातात. यासाठी एनव्हिडिया-पर्सिस्टन्सडी नावाची सेवा असते. ती चालू ठेवली की कार्ड जागे राहते. तसेच कार्डाच्या फायलींचा अधिकार. रेंडर आणि व्हिडिओ या गटांत आपले नाव नसेल, तर एएमडीच्या कार्डावर तोच प्रोग्राम रूट म्हणून चालतो आणि आपल्या नावाने चालत नाही. याचा उलगडा न झाल्याने कित्येक जण सगळे रूट म्हणूनच चालवत राहतात, आणि ते धोक्याचे आहे.

आणखी एक संदेश वाचकाला केव्हा ना केव्हा भेटणारच: ड्रायव्हर आणि लायब्ररीच्या आवृत्त्या जुळत नाहीत. आपोआप आलेल्या सुधारणेने डिस्कवरची लायब्ररी बदलली, पण मेमरीत मॉड्यूल जुनेच आहे, एवढाच त्याचा अर्थ. रीबूट केले की मिटते. लोक मात्र घाबरून सगळे ड्रायव्हर उपटून पुन्हा बसवायला घेतात आणि चांगले चालणारे मशीन खरोखर बिघडवतात.

हा विषय आजच मराठीत का यावा? मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १०,३७२ कोटी रुपयांच्या इंडियाएआय मोहिमेला मंजुरी दिली, आणि ग्राफिक्स कार्डांची सामायिक उपलब्धता हा तिचा मोठा भाग आहे. त्या कार्डांवर काम करायला मिळालेला विद्यार्थी बिनमॉनिटरच्या लिनक्सवरच पोहोचतो. पुण्याच्या एल३क्यूबसारख्या गटाने मराठीची भाषिक मॉडेले आणि मजकूरसंग्रह सर्वांसाठी खुले केले आहेत. ते घरच्या कार्डावर चालवून पाहणे आज सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आहे. अडते ते ड्रायव्हरपाशी. मराठी बोलींचे ध्वनिमुद्रण लिखित करू पाहणारा शिक्षक, जुनी बाडे संगणकाकडून वाचून घेऊ पाहणारा ग्रंथपाल, यांनी त्या पायरीवर अडकून माघारी फिरणे हे भाषेचे खरेखुरे नुकसान आहे.

वापरलेली कार्डे घेणाऱ्याला आणखी एक घाई आहे. केप्लर पिढीच्या कार्डांना, उदाहरणार्थ टेस्ला के८० ला, ४७० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची ठरली. कार्ड स्वस्त का मिळते आहे, याचे उत्तर बरेचदा या आकड्यांत असते. जुने कार्ड घेऊ नये असे हे पुस्तक म्हणत नाही. कोणत्या शाखेवर थांबायचे आणि त्या शाखेबरोबर कोणता कर्नल धरून ठेवायचा, ते आधी ठरवावे, एवढेच ते सांगते.

पुस्तकाचा प्रयत्न आज्ञांची जंत्री देण्याचा नाही. आज्ञा आवृत्तीगणिक बदलतात आणि वर्षभरात शिळ्या होतात. मशीनला कोणत्या क्रमाने प्रश्न विचारावेत, हे मात्र बदलत नाही. कार्ड बसलेल्या जागी दिसते का, कोणते मॉड्यूल त्याला चिकटले आहे, फायली तयार झाल्या का, अधिकार आहे का, लायब्ररी जुळते का, आणि मग शेवटी आपला प्रोग्राम. एलएसपीसीआय, एलएसमॉड आणि कर्नलचा लॉग ही तीन साधने हाताळता येणाऱ्या वाचकाला बहुतेक बिघाडांचे ठिकाण कोणाला न विचारता सापडते. इंग्रजी संदेशांचा अर्थ इथे शब्दाला शब्द न देता, मशीन त्या क्षणी कोणत्या पायरीवर अडले आहे ते मराठीत सांगितले आहे. हे काम मराठीत आजवर फार थोडे झाले आहे. खेळांसाठीची मांडणी आणि विंडोजचे ड्रायव्हर हे विषय लेखकाने जाणूनबुजून बाहेर ठेवले आहेत. पडद्यावाचून चित्रे रंगवण्याच्या वाटा, ईजीएल आणि खोटा मॉनिटर भासवणारा डमी प्लग, यांना जागा आहे, पण गरजेपुरती.

वाचकाला एक विनंती. पहिले पान उलटण्याआधी मशीनला एक दिवस उसना मॉनिटर लावावा. वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय, सिक्युअर बूटची स्थिती आणि ग्रबची यादी पाहून घ्यावी. कार्डाचे नाव, कर्नलची आवृत्ती आणि ड्रायव्हरची शाखा कागदावर लिहून तो मशीनच्या पेटीला आतून चिकटवावा, आणि घरातल्या एका माणसाला बटण कुठले ते दाखवून ठेवावे. मॉनिटर परत करून मग पुस्तक वाचायला घ्यावे, शक्यतो पावसाळा सुरू होण्याआधी.